इन्शुरन्स, एअरलाइन आणि फूडच्या वादातल्या आमच्या वकील मॅडम : अनुभव आणि रिव्ह्यू

वकिलाचा रिव्ह्यू कोणी नीट लिहीत नाही. एक तर 'देवासारख्या धावून आल्या' असं असतं नाहीतर 'लुटलं हो लुटलं', मधलं काही सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. नाव टाकत नाहीये कारण आमच्या सेटलमेंटमध्ये गुप्ततेची अट आहे, रक्कम सांगता येत नाही, समोरच्या पार्ट्या सांगता येत नाहीत, आणि वकिलाचं नाव टाकलं की बाकीचं शोधून काढायला कोणाला फार वेळ लागणार नाही. पण ह्या टाइपच्या वकिलाकडे काय बघायचं, त्या नक्की काय काम करतात, पैसे कशाचे जातात हे तरी कळेल.

मॅडमच्या ऑफिसात तीन प्रकारचे वाद चालतात, इन्शुरन्स, एव्हिएशन आणि फूड इंडस्ट्री. आणि फक्त वाद, म्हणजे करार बनवून देणं, लायसन्स काढून देणं असलं काही करत नाहीत. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं कायतरी गोळा करून एका पाटीवर लिहिलंय, विमानाचा आणि फूड कंपनीचा काय संबंध, जेवणाचा ट्रे सोडला तर. संबंध आहे, आणि तो इन्शुरन्समुळे आहे. विमानाला काही झालं, माल खराब झाला, पाकिटात काच निघाली, काहीही असो, शेवटी बिल कुठल्यातरी इन्शुरन्स कंपनीच्या टेबलावर जातं आणि ती म्हणते हे आमच्यात बसत नाही. मग खरं भांडण नुकसान झालं का ह्याचं राहतच नाही, नुकसान कशामुळे झालं आणि म्हणून कोणाच्या गळ्यात पडणार ह्याचं होतं.

ह्याचं सगळ्यात मोठं अलीकडचं उदाहरण म्हणजे रशियात अडकलेली विमानं. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर बाहेरच्या लीझिंग (विमानं भाड्याने देणाऱ्या) कंपन्यांची शेकडो विमानं रशियन एअरलाइन्सकडेच राहिली. विमानं धडधाकट, पण मालकाला परत मिळेनात. मालकांकडे एक ऑल रिस्क्स (सर्वसाधारण नुकसानीचं) कव्हर होतं आणि एक वॉर रिस्क्स (युद्धाच्या जोखमीचं) कव्हर, आणि दोन्हीकडचे विमेवाले 'तिकडे जा' म्हणत होते. लंडनच्या हायकोर्टाने जून २०२५ मध्ये निकाल दिला की वॉर रिस्क्सवाल्यांनी द्यायचे, त्यात एकट्या एअरकॅप कंपनीला एक अब्ज डॉलरहून जास्त मंजूर झाले. आमचं प्रकरण त्याच्यापुढे मुंगीएवढं, पण मॅडम म्हणाल्या की आतला सांगाडा तोच आहे, कारण ठरलं की पॉलिसी ठरली.

तर आमचं प्रकरण. (हे सांगायला हरकत नाही असं त्यांना विचारून घेतलंय.) मी ज्या कंपनीत लॉजिस्टिक्स बघतो ती फ्रोजन स्टार्टर कल्चर बनवते. म्हणजे मोठे डेअरी प्लांट योगर्ट आणि चीजसाठी जे विरजण वापरतात ते, जिवंत बॅक्टेरियाचे गोठवलेले दाणे, उणे ४५ डिग्रीच्या खाली ठेवावे लागतात. विमानाने पाठवताना थर्मल बॉक्समध्ये ड्राय आइस घालून पाठवतात. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ डिग्रीचा, तो हळूहळू वायू होऊन उडून जातो आणि विमानात हवेत मिसळतो म्हणून एअरलाइन्स त्याला डेंजरस गुड्समध्ये धरतात, यूएन १८४५ नंबरखाली, आणि एका विमानात किती न्यायचा ह्याला लिमिट असतं. त्यामुळे वाट्टेल तेवढा कोंबून पाठवता येत नाही, हिशोबाने घालावा लागतो. आमचा माल दोन एअरलाइन्सवरून जाणार होता, मधल्या एअरपोर्टवर पहिल्या विमानातून उतरवून दुसऱ्यात चढवायचा होता, तो ठरलेल्या दुसऱ्या फ्लाइटला चढलाच नाही, पुढच्या दिवशीच्या फ्लाइटने गेला. पोचला तेव्हा बॉक्स एकदम चकाचक, सील जागच्या जागी, आत ड्राय आइस संपलेला. कस्टमरने डेटा लॉगर, म्हणजे बॉक्समधलं तापमान नोंदणारं यंत्र, काढला, ग्राफ बघितला आणि माल नाकारला. डीएपी टर्म्स होत्या, म्हणजे तिथे पोचेपर्यंतची जोखीम आमची. एअरलाइन म्हणाली पॅकिंग कमी पडलं, इन्शुरन्स कंपनी म्हणाली हा डिले आहे आणि डिले कव्हर नाही, कस्टमर म्हणाला माझं प्रॉडक्शन थांबलं त्याचं काय. सगळीकडून एकदम सुरू झालं.

पहिल्या मीटिंगमध्ये त्यांनी माझी गोष्टच ऐकली नाही. आधी नावं विचारली, इन्शुरन्स कंपनी कोण, ब्रोकर कोण, दोन्ही एअरलाइन्स, फ्रेट फॉरवर्डर (माल पाठवायची व्यवस्था बघणारा), कस्टमर, आणि म्हणाल्या थांबा, हे चेक होऊ दे, तोवर मला काही सांगू नका. मला तेव्हा जरा रागच आला. पण ह्या क्षेत्रात हे फार महत्त्वाचं आहे, कारण हे वकील कधी विमा कंपनीकडून उभे राहतात कधी पॉलिसीवाल्याकडून, एअरलाइन्सचीही कामं घेतात, आणि ज्याच्याविरुद्ध तुम्ही जाताय तो त्यांचाच जुना अशील निघाला तर मध्येच वकील बदलायची वेळ येते. दोन्ही बाजूंचं काम करतात हे काही जणांना खटकेल, मला ते फायद्याचं वाटलं. विमा कंपनीच्या क्लेम डिपार्टमेंटमध्ये फाइल आली की कोण काय बघतं, कुठल्या वाक्यावर लाल खूण पडते हे त्यांना आतून माहीत आहे.

चेक झाल्यावर दुसरी गोष्ट केली ती म्हणजे तारखा. एका कागदावर माँट्रियल कन्व्हेन्शनच्या मुदती लिहून दिल्या. हे १९९९ चं आंतरराष्ट्रीय कन्व्हेन्शन, २००३ पासून लागू आहे, सव्वाशेच्या वर देशांनी मान्य केलंय, त्याच्याआधी १९२९ चं वॉर्सा कन्व्हेन्शन होतं. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासातला माल, बॅगा, पॅसेंजर सगळं ह्याच्याखाली येतं. माल खराब झाला असेल तर मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी तक्रार, उशीर झाला असेल तर २१ दिवसांत, आणि कोर्टात जायचं तर २ वर्षांत, त्यानंतर हक्कच संपतो, कोर्टाला दया आली तरी उपयोग नाही. बॅग फाटली वगैरे असेल तर ७ दिवस, हे आपलं जाता जाता सांगतो कारण प्रवासात सगळ्यांनाच लागतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. ही लेखी तक्रार करायची ती ज्याला माल मिळायचा होता त्याने, म्हणजे आमच्या कस्टमरने! तो आमच्यावर आधीच भडकलेला, फोन उचलत नव्हता, आणि आम्हाला त्याच्याच सहीचं पत्र एअरलाइनला पाठवायचं होतं. मॅडमनी त्याला स्वतः लिहिलं, अगदी साधं पत्र, की तुम्ही तक्रार केल्याने तुमचा आमच्यावरचा कुठलाही हक्क कमी होत नाही, उलट नाही केली तर आपल्या दोघांचंही एअरलाइनकडून काही निघणार नाही. पाठवलं त्याने. आमच्या फॉरवर्डरने एक मेल टाकला होता एअरलाइनला, सगळे त्याच भरवशावर होते, पण त्यात फक्त 'शिपमेंट लेट झालं आहे, कृपया लक्ष द्या' एवढंच होतं, नुकसानीचा शब्द नाही. त्या मेलवर राहिलो असतो तर एअरलाइनने तिथेच दार लावलं असतं. आणि एवढ्यावर थांबत नाही, कार्गो पॉलिसीतही कलम असतं की कॅरियरविरुद्धचे, म्हणजे माल नेणाऱ्या एअरलाइनविरुद्धचे, हक्क तुम्ही शाबूत ठेवले पाहिजेत, म्हणजे ही एक मुदत गेली की विमा कंपनीलाही आयतं कारण मिळतं. तेलही गेलं तूपही गेलं.

त्याच आठवड्यात एअरलाइनकडून एक ऑफर आली, छोटी रक्कम, सोबत एक फॉर्म, 'फुल अँड फायनल' लिहिलेला. आमच्या अकाउंट्सचं म्हणणं की येतायत ते घेऊन टाका, बाकीचे इन्शुरन्सकडून घेऊ. मॅडम म्हणाल्या पेन खाली ठेवा. विमा कंपनी तुम्हाला पैसे देते तेव्हा तुमच्या जागी उभी राहून एअरलाइनकडून वसूल करायचा हक्क तिला मिळतो, सब्रोगेशन म्हणतात त्याला, आणि तुम्ही एअरलाइनला आधीच मोकळं केलंत तर विमा कंपनी म्हणणार माझा हक्क तुम्ही मारलात, आता मी का देऊ. हे नुसत्या एअरलाइनच्या केसेस बघणाऱ्या वकिलाने सांगितलं नसतं आणि नुसत्या इन्शुरन्सच्या बघणाऱ्याने उशिरा सांगितलं असतं. माझ्या मते तिन्ही विषय एकाच डोक्यात असण्याचा फायदा हा इथे आहे, वेगवेगळे वकील आपापली फाइल उत्तम सांभाळतात पण एका फाइलमधली सही दुसऱ्या फाइलचा गळा घोटते हे कोणाच्या लक्षात येत नाही.

अजून एक, ऑफिसमधल्या लोकांना त्यांनी व्हॉट्सॲपवर अंदाज लिहायची बंदी केली. 'मला वाटतं आइस कमी पडला असेल' असं कोणीतरी गुडघ्याने विचार करून लिहितो आणि पुढे तेच समोरच्या वकिलाच्या हातात छापील कागद म्हणून येतं. पण आधी लिहिलेलं काही डिलीट करायचं नाही हेही तितकंच बजावून सांगितलं, पुरावा नाहीसा केला असा शिक्का बसला की चांगली केसही वाया जाते.

आता मूळ मुद्दा, डिले का डॅमेज. स्टँडर्ड कार्गो क्लॉजेसमध्ये उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलं असतं, आणि तेही असं की तो उशीर कव्हर असलेल्या एखाद्या कारणाने झाला असला तरी वगळलेलं. आमची फ्लाइट चुकली होती हे तर सगळ्यांना दिसतच होतं, त्यामुळे विमा कंपनीच्या सर्व्हेयरने (नुकसानीची तपासणी करणाऱ्याने) रिपोर्टमध्ये डिले लिहून विषय संपवला होता. मॅडमच्या ऑफिसातल्या ज्युनिअर मुलीने काय केलं, लॉगरचा कच्चा डेटा मागवला, नुसता ग्राफ नाही, आणि कार्गो ट्रॅकिंगचे स्टेटस कोड एकापुढे एक लावले. ते कोड सगळ्या एअरलाइन्सचे सारखे असतात, आरसीएस म्हणजे माल घेतला, डीईपी म्हणजे निघाला, एआरआर म्हणजे विमान पोचलं, आरसीएफ म्हणजे विमानातून उतरवून गोदामात आला. मधल्या एअरपोर्टवर एआरआर आणि आरसीएफच्या मध्ये मोठी पोकळी होती, कितीतरी तास. विमान येऊन उभं आहे आणि माल गोदामात आल्याची नोंद नाही, म्हणजे तो वेळ तो बाहेर उन्हात रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात तिथे, होता नाहीतर कुठेतरी कोपऱ्यात.

आणि इथे खरी चावी सापडली. लॉगरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर लावलेलं होतं, सर्व्हेयरने तो वेळ तिथला लोकल टाइम समजून वाचला होता, त्यामुळे त्याला दिसलं की तापमान चढलं ते फ्लाइट चुकल्यानंतर. वेळ नीट बदलून बघितल्यावर चित्र उलटं झालं. तापमान चढायला लागलं ते त्या पोकळीत, ठरलेली पुढची फ्लाइट सुटायच्या बऱ्याच आधी, म्हणजे माल अगदी वेळेवर चढला असता तरी खराबच पोचला असता. मग उशिरामुळे नुकसान झालं असं म्हणणार कसं? नुकसान हाताळणीमुळे झालं आणि ते कव्हर आहे. एवढ्या एका गोष्टीने आख्खी केस फिरली आणि खरं सांगायचं तर त्यात कायद्याचा भाग थोडा होता, चिकाटी जास्त. त्या मुलीला वेगळे मार्क द्यायला पाहिजेत, मी बोललो तसं मॅडमना.

विमा कंपनीने मग दुसरे दोन मुद्दे काढले. एक पॅकिंग. त्यावर आमच्याकडे बॉक्सचा क्वालिफिकेशन टेस्ट रिपोर्ट होता, किती आइस घातला तर किती तास टिकतो ह्याचा, आणि ठरलेल्या प्रवासापेक्षा भरपूर मार्जिन होतं, त्यामुळे तो मुद्दा फार चालला नाही. एअरलाइननेही तोच काढला होता कारण माँट्रियलमध्ये खराब पॅकिंग हा कॅरियरचा बचाव आहे, पण तो त्यांना सिद्ध करावा लागतो, नुसतं म्हणून भागत नाही.

दुसरा मुद्दा जास्त खोल होता आणि फूडच्या केसेसमध्ये हाच घोळ नेहमी होतो असं कळलं. विमा कंपनी म्हणाली, माल डॅमेज झाला कशावरून? पाकीट फुटलं नाही, विषारी झाला नाही, कस्टमर घाबरला आणि नाकारला, घाबरण्याचा विमा आम्ही काढलेला नाही. आणि हे कायद्याने चूक नाही बरं का, नुकसान झाल्याची भीती आणि नुकसान ह्या वेगळ्या गोष्टी आहेत, खरेदीदाराने किंवा सरकारी खात्याने माल नाकारण्याची रिजेक्शन कव्हर नावाची वेगळी पॉलिसी असते. कल्चरचं नुकसान डोळ्याला दिसत नाही, दाणे तसेच दिसतात, फक्त आतले जंतू मेलेले किंवा मरगळलेले असतात. मग मॅडमनी फूड मायक्रोबायोलॉजीचा एक्स्पर्ट आणला. आम्ही प्रत्येक बॅचचं रिटेन सॅम्पल, म्हणजे राखून ठेवलेला नमुना, प्लांटमध्ये ठेवतो, त्याच बॅचचा परत आलेला माल आणि ते सॅम्पल, दोन्ही एकाच लॅबमध्ये, दोन्ही बाजूंच्या सर्व्हेयरसमोर सील फोडून, दुधात टाकले आणि दूध आंबून पीएच (आम्लतेचं माप) ४.६ पर्यंत यायला किती वेळ लागतो ते मोजलं. फरक एवढा होता की वाद घालायला जागा राहिली नाही. शिवाय एक्स्पर्टने समजावलं की मंद कल्चर ही नुसती क्वालिटीची तक्रार नाही, आम्लता वेळेत वाढली नाही तर नको ते जंतू दुधात वाढायला वाव मिळतो, म्हणून कुठलाही जबाबदार प्लांट हा माल वापरणार नाही. त्यामुळे 'स्वस्तात विकून टाका आणि तेवढे वजा करा' हाही पर्याय संपला.

नमुने कसे घ्यायचे, कोणाच्या ताब्यात किती वाजता गेले ह्याची साखळी कशी लिहायची, हे सगळं त्यांच्याकडे छापील फॉर्मवर तयार होतं. खराब माल नष्ट करायच्या आधी सगळ्या पार्ट्यांना लेखी कळवून परवानगी घेतली, नाहीतर नंतर म्हणतात आम्हाला बघू दिलं नाही. कोल्ड स्टोरेजचं भाडं चढत होतं, आमचे साहेब वैतागले होते, पण मॅडम हलल्या नाहीत.

एअरलाइनकडून किती मिळणार हे त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं आणि ते मला आवडलं. कार्गोसाठी किलोमागे ठरलेली मर्यादा आहे, एसडीआरमध्ये, म्हणजे आयएमएफचं ते पाच चलनांचं हिशोबाचं युनिट. सुरुवातीला १७ होती, मग १९, २०१९ च्या शेवटी २२ झाली आणि २८ डिसेंबर २०२४ पासून २६ आहे. आमचा माल २६ च्या काळातला. वजनाला हलका आणि किमतीला भारी माल असला की ही मर्यादा जाम टोचते. मी विचारलं एवढा निष्काळजीपणा दाखवला तर मर्यादा तुटत नाही का. त्या म्हणाल्या, पॅसेंजरला उशीर झाला, बॅग गेली, तिथे एअरलाइनने मुद्दाम किंवा बेफिकिरीने केलं हे दाखवलं तर तुटते, कार्गोला तुटत नाही, माल देतानाच जास्त किमतीचं खास डिक्लेरेशन करून वरचे पैसे भरले असतील तरच. म्हणून आमचा खरा देणेकरी विमा कंपनी होती आणि मॅडमनी सगळा जोर तिकडे लावला, एअरलाइनला नुसतं मुदतीत नोटीस देऊन गरम ठेवलं. दुसरा एखादा वकील एअरलाइनवर मोठा दावा ठोकून, वर्तमानपत्री भाषेत पत्रं पाठवून आम्हाला खूश करू शकला असता.

सहा महिने व्हायच्या जरा आधी एअरलाइनने लेखी ऑफर दिली, आणि ह्याचंही कारण कन्व्हेन्शनमध्येच आहे. कोर्ट मर्यादेच्या वर खर्च आणि व्याज देऊ शकतं, पण घटनेपासून ६ महिन्यांत कॅरियरने लेखी ऑफर केली असेल आणि कोर्टाची नुकसानभरपाई त्याहून जास्त नसेल तर तो वरचा खर्च मिळत नाही. मॅडमनी ही ऑफर येणार हे आधी सांगितलं होतं, आली तशी ती विमा कंपनीकडे पाठवली कारण आता वसुलीचा हक्क त्यांच्याकडे जाणार होता.

शेवट मेडिएशनमध्ये, म्हणजे मध्यस्थासमोर बसून तडजोडीने झाला, कोर्टात उभं राहायची वेळ आली नाही. त्या दिवशी मॅडम फार कमी बोलल्या. मी उलटतपासणी, आवाज चढवणं असं काहीतरी डोक्यात धरून गेलो होतो, तिथे एक ग्राफ होता, दोन रंगांत, आणि त्याच्याबद्दल त्यांनी समोरच्या सर्व्हेयरला दोनचार प्रश्न अगदी सौम्य आवाजात विचारले. जेवणाच्या सुट्टीनंतर सूर बदलला. मालाच्या किमतीचा मोठा भाग मिळाला. कस्टमरचं प्रॉडक्शन थांबल्याचं जे आम्ही त्याला भरून दिलं ते नाही मिळालं, आणि मिळणार नाही हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, कार्गो पॉलिसी मालाची असते, धंद्याच्या नुकसानीची नाही.

बाकी त्यांच्याकडच्या फूडच्या कामाबद्दल. त्या मुख्यतः रिकॉल (बाजारातून माल मागे घेणं) आणि कंटॅमिनेशन (मालात भेसळ, दूषितपणा) ह्यांच्या पॉलिसींचे वाद बघतात. त्यातली एक मेख मला तिथेच कळली. ह्यातल्या बऱ्याच पॉलिसी लागू व्हायला 'खाणाऱ्याला इजा होऊ शकते' अशी अट असते. २०१३ मध्ये युरोपात बीफ म्हणून विकलेल्या प्रॉडक्टमध्ये घोड्याचं मांस निघालं, माल मागे घ्यावा लागला, पण त्याने कोणी आजारी पडणार नव्हतं, तर मग अशी पॉलिसी लागू होणार का? असे प्रश्न त्यांना फार आवडतात, डोळे चमकतात अक्षरशः. आणि विमान आणि खाणं एकत्र आलं की तर विचारूच नका, एका फ्लाइटमध्ये वडिलांच्या ट्रेवरची गरम कॉफी लहान मुलीवर सांडली आणि युरोपियन कोर्टापर्यंत प्रकरण गेलं, डिसेंबर २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की हा माँट्रियलखाली अपघातच आहे, त्याचा विमानाच्या उडण्याशी संबंध असायची गरज नाही. ही केस त्यांनी मला चहा पिताना सांगितली, मी कप जरा लांब ठेवला.

एक गोगलगायीचीही आहे, १९३२ चा निकाल, स्कॉटलंडमधल्या बाईला जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय सापडल्याची तक्रार, त्यातून उत्पादकाची थेट ग्राहकाप्रती जबाबदारी ठरली, जगभर शिकवतात. पण पुढे तडजोड झाली आणि ती गोगलगाय खरंच बाटलीत होती का हे कधी सिद्ध झालंच नाही! पुराव्याच्या बाबतीत इतक्या कडक असलेल्या मॅडम हे सांगून स्वतःच हसत होत्या.

आता तक्रारी, कारण आहेत. पहिली, बिलिंग. सहा सहा मिनिटांच्या हिशोबाने वेळ लावतात, म्हणजे दोन मिनिटांचा फोन केला तरी सहा मिनिटं. हे ह्या धंद्यात सर्रास आहे आणि आधी सांगितलेलं असतं, पण बिल आलं की त्यात 'फाइलचा विचार' टाइपच्या ओळी वाचून रक्त तापतं. आम्ही मग टप्प्याटप्प्याने वरची मर्यादा ठरवून मागितली, नोटीसपर्यंत एवढं, तज्ज्ञ रिपोर्टपर्यंत एवढं, मेडिएशनपर्यंत एवढं, आणि ती त्यांनी कुरकुर न करता मान्य केली. पण आपण मागितल्यावर. स्वतःहून द्यायला काय झालं?

दुसरी, मॅडम सुनावणीत असल्या की ऑफिस झोपतं. मेलला उत्तर येत नाही, ज्युनिअरला विचारलं तर 'मॅडम आल्या की सांगते'. मुदतीच्या बाबतीत कधी ढिलाई झाली नाही हे कबूल, पण अशील म्हणून टांगणीला लागल्यासारखं होतं, एक ओळ टाकली असती की मिळाला मेल, शुक्रवारी बोलू, तरी चाललं असतं. तिसरी म्हणजे त्यांची पत्रं फार कोरडी असतात. आमच्या साहेबांना एअरलाइनला चार शब्द सुनवायचे होते, ड्राफ्टमधून सगळे विशेषण त्यांनी कापून टाकले. ही तक्रार साहेबांची धरा, मला ते बरोबरच वाटलं.

लेबलवर काय छापायचं, ॲलर्जनची यादी, नवीन प्रॉडक्टची मंजुरी ह्यासाठी जाऊ नका, ते त्यांचं काम नाही आणि त्या तसं तोंडावर सांगतात. एकट्याची बॅग हरवली, फ्लाइट कॅन्सल झाली असल्या छोट्या क्लेमसाठीही परवडणार नाही, फी क्लेमच्या वर जाईल, त्यासाठी एअरलाइनला लेखी तक्रार आणि मग ग्राहक आयोगासारखा मार्ग बरा. कंपनीचा मध्यम आकाराचा क्लेम असेल, दोन-तीन पार्ट्या एकमेकांकडे बोट दाखवत असतील आणि माल नाशवंत असेल तर डोळे झाकून जा. पाचपैकी चार. एक कापलाय त्यातला अर्धा बिलासाठी आणि अर्धा त्या न आलेल्या उत्तरांसाठी.

जाताना पॉलिसी पूर्ण न्या, नुसतं पहिलं पान नाही, मागचे क्लॉजेस आणि एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडलेले बदल) सगळं, त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. एअर वेबिलच्या (विमानाने पाठवलेल्या मालाच्या पावतीच्या) दोन्ही बाजू स्कॅन करा, मागच्या बारीक अक्षरांत बरंच काही असतं. लॉगरची फाइल मूळ स्वरूपात द्या, पीडीएफ करून नको, आणि त्याचं घड्याळ कुठल्या टाइम झोनवर आहे ते कागदावर लिहून न्या.